मुठीत वितळलेली लस

कॉलेजच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं काम केलं, आणि त्यातली निम्मी वर्षं एका फ्रिजला घाबरून काढली. माणसं साहेबाला घाबरतात, कुणी सासूला घाबरतं. मी त्या पांढऱ्या, दाराला गंज चढलेल्या फ्रिजला घाबरायचे. सकाळी आल्या आल्या त्याच्या पोटातला थर्मामीटर बघायचा, वहीत आकडा लिहायचा. संध्याकाळी परत बघायचा, परत लिहायचा. मधे वीज गेली की मी फ्रिजच्या दारापाशी उभी. आमच्याकडं वीज कधी जायची ते विचारू नका, कधी असायची ते विचारा.

मी मूळची कोकणातली, देवगडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीपलीकडं होतं, होडीनं जावं लागायचं. वडील म्हणाले, पोरीला रोज पाण्यावरून पाठवायचं नाही. तिथं माझं शिक्षण संपलं. लग्न होऊन औरंगाबादला आले. आता संभाजीनगर म्हणायचं, तेव्हा औरंगाबादच म्हणत. आमचे हे वाळूजला एका कारखान्यात होते. माहेर इतकं लांब पडलं की आईचं पत्र पोचेपर्यंत त्यात लिहिलेलं दुखणं बरं झालेलं असायचं.

ह्यांचा कारखाना बंद पडल्यावर काम शोधत पैठण रोडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात गेले. तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी मला दोनच प्रश्न विचारले.

"घड्याळ बघता येतं?"

"येतं."

"आणि दशांश चिन्ह? साडेचार आणि चार पूर्णांक पाच दशांश यात फरक काय?"

"काही नाही," म्हटलं.

"सोमवारपासून या."

सातवी झालेल्या बाईला दवाखान्यात कोण उभं करतं? त्यांनी केलं. ते उपकार मी विसरले नाही, आणि विसरले नाही म्हणूनच पुढची सगळी भीती. माझी नेमणूक मदतनीस म्हणून, तीही हंगामी. ऑर्डर दर वर्षी नव्यानं निघायची, जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत. ती हातात पडेपर्यंत मला घास गोड लागायचा नाही. पुढं मी जे केलं त्यात या ऑर्डरीचा हात आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

कॉलेजचा दवाखाना म्हणजे लोकांना वाटतं, पोरं पडतात, झडतात, त्यांना मलमपट्टी करायची. ते थोडं. खरं काम तापाचं. होस्टेलच्या एका खोलीत तिघी, मेसमधे एका बाकावर दहा, एका वर्गात साठ. त्यात एकाला फ्लू झाला की तो एकट्याचा राहतच नाही. साध्या सर्दीत माणूस शिंकतो आणि हिंडतो. फ्लूत तो आडवा होतो. हाडं मोडून आल्यासारखी दुखतात, ताप चढतो, खोकला छातीत बसतो. आणि आडवा व्हायच्या आधी एक दिवस तो सगळ्यांना वाटून मोकळा झालेला असतो. डॉक्टरबाई म्हणायच्या, "आपण रोग्याच्या मागं धावतोय, रोगाच्या पुढं जायला पाहिजे." हे पुढं जाणं किती अवघड असतं ते मला साखळीच्या ग्लासानं शिकवलं.

वर्कशॉपच्या बाहेर पाण्याची टाकी होती. तिला साखळीनं बांधलेला एक स्टीलचा ग्लास. चोरीला जाऊ नये म्हणून साखळी. चारशे पोरं त्या एका ग्लासानं पाणी प्यायची. इकडच्या माणसांना ग्लास ओठाला न लावता वरून प्यायची चांगली सवय आहे, पण त्याला मान मागं टाकावी लागते, दम धरावा लागतो. पोरांना दोन तासांच्या मधे पाच मिनिटं. डॉक्टरबाईंनी दोन अर्ज केले, उत्तर नाही. तिसऱ्या वेळी मला म्हणाल्या, "पक्कड घ्या आणि तोडून आणा."

मी साखळीला पक्कड लावली तोच मागून वॉचमन रहीमचाचा.

"क्या बाई! दिन-दहाडे चोरी?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय, चाचा. याच्यानं आजार पसरतो."

"हौ? मैं बीस साल से इसीच ग्लास से पी रा. मेरेकू क्या हुआ?" आणि एवढं बोलून चाचा असे खोकले की त्यांची टोपी पडली.

ग्लास मी आणला. आठ दिवसांत ऑफिसातून पत्र आलं की संस्थेच्या मालमत्तेला हात लावू नये. पंधरा दिवसांत त्याच साखळीला दुसरा ग्लास लोंबत होता. आधीच्यापेक्षा मोठा.

दुसरे आमचे गणिताचे सर. बावीस वर्षांत त्यांनी एक तास चुकवला नव्हता, आणि ही गोष्ट दर नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगायचे. एकदा ताप अंगात घेऊन शिकवायला उभे राहिले. डॉक्टरबाईंनी मला वर्गावर पाठवलं. मी दारातून म्हटलं, "सर, तुम्हाला खोलीवर जाऊन झोपायला सांगितलंय."

सर फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "मावशी, ताप मला आहे, इंटिग्रेशनला नाही."

वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात पहिल्या चार बाकांवरची सगळी पोरं आमच्याकडं रांगेत. सरांचा विक्रम राहिला. रिकाम्या वर्गात त्यांनी हजेरी घेतली असं पोरं सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण अगदी खोटंही वाटत नाही.

हे असं चालायचं. हात धुवा, रुमाल धरा, तापात वर्गात बसू नका, एवढी तीन वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली असतील की माझ्याच घरात मला कुणी ऐकेनासं झालं. या कामात पदरात काही पडत नाही. टाके घातले की जखम भरलेली दिसते. जो ताप आलाच नाही, तो कुणाला दाखवणार?

मग स्वाइन फ्लूचं साल आलं आणि हसण्यावारी नेणारे सगळे गप्प झाले. त्या साली आमच्याकडं झाडलोटीला येणारी एक बाई, सहा महिन्यांची गरोदर, तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आत नेताना तिच्या चपला बाहेर राहिल्या, त्या मी हातात धरून बसले. परत येताना माझ्याजवळ फक्त त्या चपला होत्या. डॉक्टरबाई मग मला म्हणाल्या, गरोदर बाईला हा ताप दुप्पट जड जातो, तिच्या छातीला आधीच जागा कमी असते. कॅम्पसवर कुणाचं पोट दिसायला लागलं की माझी नजर तिच्यामागं फिरायला लागली, ती तेव्हापासून.

पुढं लस मिळायला लागली आणि डॉक्टरबाईंनी ठरवलं की वर्ष सुरू होतानाच टोचायची. होस्टेलच्या पोरी, मेसची माणसं आणि वॉचमन आधी, कारण यांच्यामार्फत सगळीकडं पोचतं. लोकांना समजावायचं काम माझ्याकडं. डॉक्टरबाईंनी मला वाक्य पाठ करून दिलं: "यात मेलेले जंतू असतात, त्यामुळे ताप येत नाही." पहिलंच गिऱ्हाईक रहीमचाचा.

"मरे हुए? मय्यत डालते क्या बाई मेरे हाथ में? नक्को!"

त्या दिवसापासून मी मेलेले शब्द सोडला. नुसतं म्हणायचे, "शत्रूचा फोटो दाखवतो शरीराला. खरा आला की ओळखायला." चाचांना हे पटलं. वॉचमनला फोटोचं पटतंच.

आता मंगलकडं येते. मंगल मेसमधे पोळ्या लाटायची. चोवीस-पंचवीसची, बारीक, बोलायला मऊ. आई लहानपणीच गेलेली. नवरा लासूर स्टेशनला कांद्याच्या बाजारात हमाली करायचा, ती इथं मेसच्या मागच्या खोलीत राहायची आणि आठवड्याला जायची. मी चहा घ्यायला गेले की परातीतला गोळा बाजूला ठेवून आधी मला बसायला पाट द्यायची. मला म्हणायची, "मावशी, तुमची भाषा लई गोड. म्हणा ना परत, 'खंय चललंस'." माझ्या गावचं बोलणं मराठवाड्यात मला म्हणायला लावणारी ती एकटीच.

त्या वर्षी तिला सातवा लागला होता. पोळ्या वाढताना पोरी तिच्या तोंडासमोर खोकायच्या. मला त्या चपला आठवायच्या. मी तिच्या मागंच लागले. तिला भीती, की सुईनं लेकराला काही होईल. तिच्या सासूचा लासूरहून निरोप, की असलं काही घ्यायचं नाय. मी पंधरा दिवस रोज गेले. डॉक्टरबाईंना आणून बसवलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हणता तर घेते, मावशी. तुमच्यावर इस्वास हाय."

हे तिचं वाक्य. विसरता येत नाही.

टोचायचं ठरलं मेसच्या हॉलमधे. फ्रिज दवाखान्यात, मेस पार दुसऱ्या टोकाला. मधे लस न्यायची ती निळ्या डब्यात. त्या डब्यात चारी बाजूंनी आइसपॅक लावतात, म्हणजे पाणी भरून बर्फ केलेल्या चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. मधे लस. आमची नर्स नलिनी सिस्टर, शिस्तीची, कमी बोलणारी. तिनं मला नियम सांगून ठेवला होता: "बाटल्या फ्रीझरमधून काढल्या की लगेच भरायच्या नाहीत. बाहेर ठेवायच्या. त्यांना घाम फुटू दे, हलवल्यावर आत पाणी वाजू दे. मग भरायच्या."

त्या वर्षी जुलै लागला तरी ऊन हटलं नव्हतं. सकाळी आठला वीज गेली. नऊला मी डबा भरायला घेतला तेव्हा दवाखान्याचा पत्रा तापून कडकड वाजत होता. माझ्या मनात एकच, लस तापायला नको. वहीवर लिहिलेलं असायचं, दोन ते आठ अंश. माझ्या समजुतीत भीती आठची होती. दोनच्या खाली गेलं तर उलट बरंच की, जास्त थंड, जास्त सुरक्षित. घाम फुटायची वाट बघणं म्हणजे मला बर्फ वाया घालवणं वाटलं. फ्रीझरमधून काढलेल्या टणक बाटल्या मी तशाच डब्यात ठासल्या, मधे लस ठेवली, झाकण दाबलं आणि डोक्यावर पदर घेऊन निघाले.

दहाला सुरू झालं. सिस्टर टोचायची, मी एकेक काढून द्यायची. लस आधीच भरलेल्या सुयांत यायची, आत हवेचा एक बारीक बुडबुडा. अकराच्या सुमाराला मंगल समोर बसली, पदर सारून दंड पुढं केला. मी सुई काढली. ती हातात धरली तर बुडबुडा हलेना. उलटी केली, तरी हलेना. लस गोठली होती.

आता माझं त्या वेळचं डोकं सांगते. आमच्या गावात खोबरेल तेल बाटलीत बारा महिने पातळ. औरंगाबादला पहिल्या थंडीत माझी बाटली पांढरी दगडासारखी झाली, तेव्हा मी घाबरले, नासलं म्हणून टाकायला निघाले. शेजारीण हसली. म्हणाली, "अगं कोकणे, उन्हात धर, नायतर मुठीत धर. वितळलं की तेच तेल." तसंच झालं होतं. वितळलं की तेच तेल. ते माझ्या हातात बसलेलं. मी सिस्टरकडं पाठ केली, सुई मुठीत धरली आणि उभी राहिले. मिनिटभरात बुडबुडा हलला. मी सुई सिस्टरच्या हातात दिली. मंगलनं डोळे मिटले, सिस्टरनं टोचली. नंतरच्याही चार-पाच मी तशाच दिल्या.

पण खोबरेल मी कधी कुणाकडं पाठ करून वितळवलं नव्हतं. सिस्टरकडं पाठ केली तेव्हाच काहीतरी मला ठाऊक होतं. काय ते ठाऊक नव्हतं, पण तिला दिसू नये एवढं ठाऊक होतं. त्या वर्षीची ऑर्डर अजून यायची होती.

चार वाजता उरलेल्या सुया फ्रिजमधे ठेवताना डब्याच्या कडेला सिस्टरला दोन गोठलेल्या सापडल्या. तिनं त्या उजेडाला धरल्या.

"या बाद. गोठलेली लस कामाची नाही, वितळली तरी नाही. दूध फाटलं की दिसतं. हिचं दिसतही नाही, अगदी चांगल्यासारखी दिसते. ज्यानं गोठताना बघितली त्यालाच कळतं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दिलेल्या नीट होत्या ना?"

"होत्या," मी म्हटलं.

तेवढा एकच शब्द. दवाखान्यातून बाहेर आले तर गेटवर मंगल. तिला बाळंतपणासाठी न्यायला सासू आली होती. रहीमचाचा रिक्षात बोचकं चढवत होते. मंगलनं मला हात केला, "येते, मावशी. सुईचं कायसुद्धा दुखलं नाय." मी दहा पावलांवर होते. सांगायला तेव्हा एक मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "जपून जा."

रात्रभरात काय झालं ते लिहीत नाही. सकाळी फ्रिजचा आकडा लिहायच्या आधी डॉक्टरबाईंपुढं जाऊन उभी राहिले आणि डबा, बाटल्या, मूठ, पाठ, सगळं सांगितलं. सिस्टर शेजारी उभी. तिला खोटं बोलले तेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी कालची यादी पुढं ओढली.

"किती जणांना दिल्या काल?"

"एकतीस."

"कुठल्या गोठल्या, कुठल्या नाही, सांगता येईल?"

"नाही."

"म्हणजे एकतीसच्या एकतीस बाद. परत टोचायच्या. दुसऱ्यांदा घेतल्यानं त्रास नाही, पण न घेतल्यासारखं राहणं चालणार नाही." मग त्यांनी यादी माझ्या हातात दिली. "प्रत्येकाला तुम्ही जाऊन सांगायचं. मी नाही, सिस्टर नाही. तुम्ही."

मी खोल्या फिरले. पोरींनी मला जितकं टाकून बोलायला हवं होतं तितकं बोलल्या नाहीत. एक हसून म्हणाली, "मावशी, एक पे एक फ्री?" एकीनं तोंडावर दार लावलं. रहीमचाचा म्हणाले, "पहला फोटो हिल गया क्या बाई? दूसरा निकालो." मला त्यावरही हसू आलं नाही. आठ दिवसांत लस परत मिळाली, तीस जणांना टोचून झाली. त्यांच्या आड कुणी सासू नव्हती.

राहिली मंगल. तेव्हा तिच्याकडं फोन नव्हता. आणि त्याच आठवड्यात होस्टेलच्या दोन पोरी फ्लूनं पडल्या होत्या, दोघी रोज मंगलच्या हातची पोळी घेणाऱ्या. म्हणजे ती इथून काय घेऊन गेली असेल, सांगता येत नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "चल, लासूरला." डबा तिनं स्वतः भरला. बाटल्या ओट्यावर ठेवल्या, घाम फुटेपर्यंत आम्ही दोघी समोर बसून राहिलो. मग पॅसेंजरनं निघालो. माझ्या मांडीवर डबा, आत एकच सुई.

लासूरला मंगलचं घर स्टेशनपासून जवळच, पत्र्याचं, अंगणात कांदा पसरलेला. मंगल ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप नव्हता. आधी मी तेच बघितलं, कपाळाला हात लावून. तिची सासू गयाबाई कांदा निवडत होती. उंच, हाडापेराची बाई. स्वतःचं वय सांगताना म्हणाली, "निजाम पडला त्या पोलिस ॲक्शनच्या साली मी रांगत होते, मला का शिकवता गं?" मंगल तिला आत्याबाई म्हणायची. आई नसलेल्या सुनेचं बाळंतपण ती स्वतः करणार होती, आणि डोळ्यांत तेल घालून तिला जपत होती.

मी सरळ सांगितलं. "मावशी, हिला दिलेली लस बाद निघाली. माझ्या चुकीनं गोठली. मेलेली होती ती. परत द्यायला आलोय."

गयाबाईनं हातातला कांदा टाकला. "काय बोलतीस गं? दोन जिवाच्या पोरीम्होरं असं बोलावं? दिवा इझला म्हनतो का आपन? बांगडी फुटली म्हनतो का? वाढली म्हनतो. तुझी सुई वाढली म्हन!"

"बरं. सुई वाढली."

"हां. आता वाढली तर झालंच की. चांगलं झालं. दुसरी कशाला?"

सिस्टरला हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला. "मावशी, तिचा उपयोग झाला नाही. हिला तो ताप आला तर जड जाईल. मी एकीला जाताना बघितलंय, सहा महिन्यांची होती."

"म्हंजे पैल्या येळंला फुकट टोचलीस माझ्या पोरीला. आन् आता परत टोचू म्हनतीस. ह्या येळंला काय भरवसा? नाय. उठा. च्या घ्या आन् वाटंला लागा."

आत स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला; चहा ठेवायला मंगल उठून गेली होती. ती दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली.

"आत्याबाई, ह्यांना असं बोलू नका. तुम्हाला ठावं नाय. त्या दिशी सुई लई गार व्हती, तर मावशीनं ती आधी मुठीत धरून ऊब दिली. मला दुखू नये म्हनून. एवढे लोक रांगंत, पर माझ्यासाठी थांबल्या. आई असती तर तिनं असंच केलं असतं. मी बघितलंय. द्या मावशी, मी घेते."

गयाबाई माझ्याकडं बघायला लागली. आधी संशयानं, मग नाही. "व्हय गं? ऊब दिली?"

सिस्टर माझ्याकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

खरं सांगितलं तर गयाबाई आम्हाला अंगणाबाहेर घालवणार, हे उघड होतं. आणि डब्यातली सुई तशीच परत जाणार. गप्प बसले तर मंगलला लस मिळणार होती. मी एकदा सुईचा विचार केला, एकदा चपला मागं ठेवून गेलेल्या त्या बाईचा. मग मान खाली घातली. गयाबाईला ते हो वाटलं.

"मंग घे बाई," ती सुनेला म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं तिचा दंड मोकळा केला. सिस्टरनं सुई माझ्यासमोर उलटीसुलटी करून बुडबुडा हलतोय ते दाखवलं, काही न बोलता, आणि टोचली. निघताना गयाबाईनं मला ओटीभर कांदे दिले.

गाडीत सिस्टर एवढंच म्हणाली, "मीही गप्प बसले."

मंगलला मुलगी झाली, वेळेवर, धडधाकट. लसीमुळं वाचली की ताप यायचाच नव्हता, कुणाला माहीत. डॉक्टरबाईंनी मला काढलं नाही. ऑर्डर त्या वर्षी सप्टेंबरात आली. उशीर माझ्यामुळं झाला की ऑफिसमुळं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर डबा भरताना माझी चूक कधी झाली नाही, पण त्याचा अभिमान वाटावा असंही काही नाही.

गयाबाई आता नाही. मंगल मेस सोडून कधीच लासूरला स्थायिक झाली. अजून कधी इकडं आली की घरी येते, पोरीला माझ्या पाया पडायला लावते आणि दर वेळी तीच गोष्ट सांगते: ह्या आजीनं सुई मुठीत धरली होती, तुझ्या आईला दुखू नये म्हणून. पोरगी मोठ्या डोळ्यांनी माझ्या हातांकडं बघते. मी चहा टाकायला आत जाते. इतक्या वर्षांत मी दर वेळी आत गेले. तोंडानं जमलं नाही, म्हणून इथं लिहिते. पोरगी चांगलं वाचते, आईला वाचून दाखवेल.

मंगल, ती मूठ तुझ्यासाठी नव्हती गं. माझ्या नोकरीसाठी होती.